काप बघू

२ फेब्रुवारी २०२५ चा रविवार. आदल्या दिवशी दिल्लीत केंद्राचं बजेट सादर झालेलं आणि चुलत बहिणीच्या लग्नासाठी धाकटा भाऊ पुण्याहून देगलूरला आलेला. सकाळी ओसरीवर आम्ही चौघं बसलो होतो. बाबा, मी, भाऊ आणि शेती बघणारा आमचा चुलतभाऊ बापू. मध्ये पेपर. त्यात दरवर्षी येतं तसं ते गोल चित्र होतं, 'रुपया असा येतो, रुपया असा जातो'.

भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. पगार चांगला, कर भरपूर, त्यामुळे बजेटच्या दुसऱ्या दिवशी तो कायम तापलेला असतो. "पन्नास लाख कोटी, दादा! एका वर्षाचा खर्च. जातात कुठे एवढे? नुसतं वाटप चाललंय. निम्मं कापलं तरी कोणाला कळणार नाही."

बाबांनी खिशातला पेन काढून त्याच्यापुढे धरला. (मास्तर माणूस, रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली तरी खिशाला पेन असतोच.) म्हणाले, "घे. काप बघू कुठं कापतोस."

पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी भावाच्याच पक्षाचा. माझं गावात कापडाचं दुकान आहे, सरकारचा पगार कधी घेतला नाही आणि सरकारने हात आखडता घ्यावा हे माझं जुनं मत. गल्ल्यावर बसून मी ते गिऱ्हाइकांना ऐकवतही असतो. त्या सकाळीनंतर मात्र ते मत पहिल्यासारखं ठणठणीत राहिलेलं नाही. मोडलेलं नाही, पण त्याला तडा गेलाय. तो तडा कुठे गेला ते लिहून बघावं म्हणून हा खटाटोप.

आकड्यांपासून सुरुवात करू. स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ ला मांडलं. साडेसात महिन्यांचं होतं ते. खर्च १९७ कोटींच्या आसपास, आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या संरक्षणाचे. २०२५-२६ चं बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं. पंचवीस हजार पटींच्या वर! असे आकडे समोरासमोर ठेवले की कोणाचंही डोकं फिरेल. पण ही तुलना फसवी आहे. तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया नावाचेच सारखे, माणसंही तेव्हापेक्षा चौपट. म्हणून अर्थशास्त्रवाले वेगळं माप लावतात. देशात वर्षभरात जेवढी कमाई झाली त्यातल्या शंभर रुपयांपैकी किती रुपये सरकारच्या हातून खर्च झाले? केंद्र आणि सगळी राज्यं मिळून धरली तर १९५०-५१ च्या सुमाराला हा आकडा दहाच्या आसपास होता. आता तो पाव हिश्श्याच्या वर आहे. गंमत म्हणजे एकट्या केंद्राचा हिस्सा ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आजच्यापेक्षा जास्त होता, त्यामुळे 'दिवसेंदिवस सगळंच वाढत चाललंय' हेही पूर्ण खरं नाही. पण पंचाहत्तर वर्षांचा पल्ला घेतला तर चढण आहे हे नक्की. आणि ही चढण आपल्याकडेच आहे असंही नाही. युरोपातल्या देशांत दीडशे वर्षांपूर्वी सरकारं शंभरातले दहा-अकरा रुपये खर्च करायची, आज चाळीस-पन्नास करतात.

इथेच ते पहिलं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर गळून पडतं. 'खातात हो सगळे, म्हणून खर्च वाढतो.' खातात, यात वाद नाही. आमच्या भागातला कुठलाही रस्ता पहिल्या पावसानंतर बघून घ्या. पण डेन्मार्क, स्वीडनसारखे देश, जिथे खाणं सगळ्यात कमी, तिथे सरकारी खर्च आपल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे खाण्यामुळे रुपयाचं काम आठ आण्यांत होतं हे कळतं, पण रुपये वाढत का जातात ते कळत नाही.

बाबांचा जन्म १९४१ चा, निजामाच्या राज्यातला. त्यांच्या लहानपणी सरकार म्हणजे कोण, असं विचारलं की ते सांगतात, पटवारी, गिरदावर आणि पोलीस. तिघंही घ्यायला यायचे, द्यायला कोणी नाही. शेतसारा घ्यायचे, लढाईच्या काळात धान्याची लेव्ही घ्यायचे. आजारपण घरातच निभवायचं, म्हातारपण पोरांच्या जिवावर, दुष्काळ पडला तर देवाच्या नाहीतर सावकाराच्या जिवावर. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. पुढे १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि १९६३ ला बाबा नांदेड जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक म्हणून लागले. म्हणजे सरकार 'द्यायला' लागलं त्या पहिल्या लाटेतलेच ते एक!

जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आडोल्फ वॅगनर नावाचा प्राध्यापक होऊन गेला. त्याने हे तेव्हाच सांगून ठेवलंय की समाज जसजसा पुढे जातो, शहरं आणि कारखाने वाढतात, तसतशी सरकारची कामं वाढतच जातात. हे समजायला बर्लिनला जायची गरज नाही, आमच्या गावाशेजारून जाणारा रस्ता पुरे. अकोल्याहून नांदेड, देगलूर करत तेलंगणात संगारेड्डीला जाणारा हा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी एकेरी होता, खड्डे होते, गाड्या रांगत जायच्या. मग तो चौपदरी झाला. गाड्या धावायला लागल्या, तशी अपघाताची गाठही मोठी. मग १०८ ची अॅम्ब्युलन्स पाहिजे (महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे). अॅम्ब्युलन्स आली की पेशंटला नेऊन टाकायला जवळ हाडांचा डॉक्टर असलेला सरकारी दवाखाना पाहिजे. मग महामार्गावर गस्त पाहिजे, दिवे पाहिजेत. एका खर्चाने दुसऱ्याला हात धरून आणलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. यात कोणाचा लोभ नाही की कट नाही. बैलगाडीच्या रस्त्याला यातलं काहीच लागत नव्हतं.

पण वॅगनरच्या हिशोबाने खर्च जिना चढल्यासारखा एकेक पायरी वर जायला हवा. तसा तो जात नाही. तो उडी मारतो, आणि उडी मारली की खाली उतरत नाही. हे दाखवलं इंग्लंडच्या पीकॉक आणि वाइझमन या जोडीने, १९६१ मध्ये. महायुद्धात खर्च आणि कर दोन्ही वाढले, लोकांनी कुरकुर न करता दिले; युद्ध संपलं, पण खर्च जुन्या जागी परत आला नाही. लोकांना त्या कराची सवय झाली होती, सरकारला त्या पैशाची.

आपल्याकडे इन्कम टॅक्स आला तोच मुळी असा. १८५७ च्या उठावाने इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली म्हणून १८६० मध्ये जेम्स विल्सन साहेबांनी तो पाच वर्षांपुरता आणला. १८६५ ला उठलाही. मग या ना त्या नावाने परत येत राहिला आणि १८८६ पासून मुक्कामालाच आला. (हे विल्सन म्हणजे 'द इकॉनॉमिस्ट' काढणारे. सरकारने कशात लुडबुड करू नये असं आयुष्यभर सांगणारा माणूस! भावाला हे सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, एवढंच समाधान.)

आणि आमच्याकडचं युद्ध म्हणजे दुष्काळ. १९७२ चा. बाबांची पिढी अजून काळ मोजते ती 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरनंतर' अशी. अमेरिकेहून आलेली लाल मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडायला गेलेल्या चांगल्या घरच्या बायका. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर रोज पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला होता. दुष्काळाने तो राज्यभर नेला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी. जगात असं फार ठिकाणी नव्हतं.

या कामांना पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, ज्याला आपण सगळे प्रोफेशनल टॅक्स म्हणतो. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी द्यायचा पैसा. भावाच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे कापले जातात, वर्षाचे २५००. तो कशासाठी कापतात हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मलाही, खरं सांगायचं तर, दुकानाचा भरत असूनही माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात आमचा नांदेड जिल्हा होता, आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. व्यवसाय कर मात्र जागच्या जागी. बहात्तरचा दुष्काळ भावाच्या स्लिपवर अजून बसून आहे, आणि तो जन्मला १९८० ला!

ताजं उदाहरण रेशनचं. कोरोनात, एप्रिल २०२० पासून, माणशी पाच किलो जादा धान्य फुकट सुरू झालं. तेव्हा ते कोणाला खटकलं? मलाही नाही. साथ ओसरली. जादाचं धान्य थांबलं, पण जानेवारी २०२३ पासून रेशनचं नेहमीचं धान्यच फुकट झालं, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षं. ऐंशी कोटींहून जास्त माणसं. आधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. त्या दोन-तीन रुपयांवर परत जायची हिंमत कोणत्या पक्षाला होईल?

आता जरा अवघड जागी येतो, म्हणजे बाबांच्या पेन्शनवर.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान आहे. माझ्या लहानपणी केस कापायला पंधरा मिनिटं लागायची, आजही तेवढीच लागतात. पण पैसे? तेव्हा रुपया-दीड रुपया, आता शंभराच्या घरात. कारण सोपं आहे. कापड विणणारं मशीन पूर्वीपेक्षा कितीतरी पट कापड विणतं, म्हणून तिथल्या कामगाराला जास्त पगार परवडतो. न्हाव्याचा हात तेवढाच चालतो. पण त्यालाही आजच्या बाजारात जगायचंय, नाहीतर त्याचा पोरगा कात्री सोडून हैदराबादला कंपनीत जाईल. म्हणून त्याचा दर वाढतो. विल्यम बाउमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने साठच्या दशकात हे मांडलं, त्याने उदाहरण वाद्यवृंदाचं घेतलं होतं. चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चौघांनीच वाजवायची आणि आजही.

सरकार करतं ती बहुतेक कामं न्हाव्याच्या जातीची आहेत. बाबा १९६३ ला तीस पोरांचा वर्ग शिकवायचे. आजचा मास्तर टॅब घेऊन आला तरी तीसच पोरं नीट शिकवू शकतो, साठ नाही. नर्स, पोलीस, न्यायाधीश यांचंही तेच. काम तेवढंच, पण पगार बाकीच्या जगाबरोबर वाढवावाच लागतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्रातला सगळ्यात कमी मूळ पगार ७ हजारांवरून १८ हजारांवर नेला तेव्हा मी गल्ल्यावर बसून बरंच बोललो होतो. नंतर लक्षात आलं की आयोगाची थकबाकी जमा झाली की माझ्या दुकानातला शर्टपीसचा माल उठतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं याला म्हणतात बहुतेक.

पेन्शनचं गणित याच्या पुढचं. बाबांनी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि १९९९ ला रिटायर झाले. म्हणजे पेन्शन घ्यायला लागून पंचवीस वर्षं झालीत आणि, देवाच्या दयेने, तब्येत चांगली आहे. ज्या काळात पेन्शनचे नियम झाले तेव्हा मास्तर इतका जगेल असं कोणी धरलंच नव्हतं. माणसं जगली हे सरकारी खर्चाचंच यश, लसी, दवाखाने, नळाचं पाणी. आणि त्या यशाचं बिल परत सरकारच्याच दारात. राज्याने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली, ती परत द्या म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. मी त्या संपाच्या विरोधात होतो. घरी मात्र बोललो नाही. ज्या घरातलं आईचं आजारपण पेन्शनवर निभलं, दुकान लॉकडाऊनमध्ये बंद होतं तेव्हा किराणा पेन्शनवर आला, त्या घरात कोणत्या तोंडाने बोलणार?

तर, त्या रविवारकडे परत येतो. भावाने पेन घेतला आणि त्या गोलाकडे वळला. शंभर पैशांची फोड होती. बावीस पैसे राज्यांचा करातला वाटा. "राज्यांना कशाला एवढे?" म्हणत त्याने पेन टेकवला. बाबा म्हणाले, "जिल्हा परिषदेची शाळा राज्याच्याच पैशावर चालते, आणि माझी पेन्शनपण. काप." पेन पुढे सरकला. वीस पैसे व्याज. हे तर कापलंच पाहिजे! बाबांनी विचारलं, "हे व्याज कुणाला जातं?" सरकारी कर्जरोखे कोणाकडे असतात तर बँका, एलआयसी, प्रॉव्हिडंट फंड. पोस्टात बाबांनी ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवलेत, तेही शेवटी सरकारलाच दिलेलं कर्ज. भावाचा स्वतःचा पीएफ आहे, पॉलिसी आहे. पेन पुढे.

संरक्षण आठ पैसे. शेजारच्या घरातला पोरगा तेव्हा काश्मीरमध्ये होता आणि त्याची आई आमच्याच ओसरीवर पापडाचं पीठ घेऊन आलेली. अनुदानं सहा पैसे. इतका वेळ गप्प बसलेला बापू बोलला, "डीएपीची बॅग साडेतेराशेला पडायलीय, ती पण सबसिडी धरून. सोयाबीनला काय भाव आलाय माहीत हाय का तुला?" पेन्शन चार पैसे, केंद्राची; म्हणजे शेजारच्या पोराचा रिटायर बाप. केंद्राच्या स्वतःच्या योजना सोळा पैसे. त्यात भाऊ ज्या रस्त्याने आला तो रस्ता आणि बापूचे पीएम किसानचे सहा हजार. केंद्र-राज्य मिळून चालणाऱ्या योजना आठ पैसे, म्हणजे घरकुल, नळ. वित्त आयोगाचे आठ पैसे, त्यातून ग्रामपंचायतीला मिळणारा निधी. बापूची बायको ग्रामपंचायत सदस्य.

शेवटी राहिले 'इतर खर्च', आठ पैसे. भावाने त्यावर जोरात काट मारली. आमच्यापैकी कोणालाच त्यात काय येतं ते माहीत नव्हतं.

सगळे हसले, पण मला वाटतं सगळं त्यातच आलं. कापायला सोपं तेच, ज्याच्यातलं माणूस ओसरीवर बसलेलं नाही. मुंबई-दिल्लीच्या ओसरीवर बसलेल्यांच्या दृष्टीने 'इतर' म्हणजे कदाचित आम्हीच असू. आणि प्रत्येक खर्चाचा फायदा ज्याला होतो त्याला तो नावानिशी ठाऊक असतो, बोजा मात्र सगळ्यांवर इतका पातळ पसरतो की त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. अडीच हजारांच्या व्यवसाय कराविरुद्ध भाऊ कधी रस्त्यावर उतरणार आहे?

आता शेवटचा मुद्दा, आणि हा खास आमच्या सीमेवरच्या माणसालाच दिसणारा. देगलूरहून थोडं पुढे गेलं की तेलंगणातलं मदनूर, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. नाती तिकडे, शेतं तिकडे, बाजार इकडे. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू आणली, दर हंगामाला एकरी ४ हजार, पुढे ५ हजार. शेतीला चोवीस तास फुकट वीज. तिकडचा साडू एकरावर पैसे घेतोय आणि इकडचा नुसता बघतोय असं झालं. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या सीमेवरच्या गावांतून 'आम्हाला तेलंगणात घाला' अशी मागणी झाली, त्याआधी २०१९ मध्येही झाली होती. ५ फेब्रुवारी २०२३ ला के. चंद्रशेखर राव यांनी थेट नांदेडला येऊन सभा घेतली. २०१९ च्या निवडणुकीआधी केंद्राने पीएम किसानचे ६ हजार सुरू केले होतेच, २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्यावर आपले ६ हजार घातले. बायकांचंही तसंच. इकडे मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट, कर्नाटकात जूनपासून आणि तेलंगणात डिसेंबरपासून तिकडच्या बायकांना फुकट. मध्य प्रदेशात लाडली बहना आली, कर्नाटकात गृहलक्ष्मीचे २ हजार, मग २०२४ मध्ये आमच्याकडे लाडकी बहीण, दीड हजार. पहिल्याच वर्षाची तरतूद ४६ हजार कोटी. शेजारच्या घरात कलर टीव्ही आला की आपल्या घरात पोरं रडायची ना, तसं राज्यांचं झालंय.

लाडकी बहीणवर मी भरपूर टीका केली. २०२४ च्या दिवाळीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे तीन हजार एकदम जमा झाले आणि आमच्या दुकानात साड्यांची जी विक्री झाली तशी आदल्या कित्येक दिवाळ्यांत झाली नव्हती. दुकानात काम करणाऱ्या मावशींनी त्या पैशांतून स्वतःसाठी चष्मा केला. दोन वर्षं त्या धाग्याचा नंबर वास घेतल्यासारखा डोळ्याजवळ धरून वाचत होत्या. मला सुचलं नव्हतं कधी, त्यांना चष्मा करून द्यावा असं.

तरीही माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. लोक रोख का मागतात याचा विचार करताना मला लेंडी आठवते. मुखेड तालुक्यातलं लेंडी धरण, महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांचा संयुक्त प्रकल्प. ऐंशीच्या दशकात मंजूर झाला. मुखेड आणि देगलूरच्या शेतीला पाणी मिळणार होतं. तेव्हाचा अंदाज शंभर कोटींच्या आतला, आता तो दोन हजार कोटींच्या पुढे गेलाय. बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं अडकलं, काम अडकलं, अंदाजपत्रक तेवढं वाढत राहिलं. बापू शाळेत होता तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, पाणी आलं की ऊस लावू. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीत तुफान पाऊस होऊन लेंडीचं पाणी हसनाळ, रावणगावसारख्या गावांत शिरलं, माणसं गेली. चाळीस वर्षं पाण्याची वाट बघितली, आणि आलं ते असं.

हा सगळा खर्चही त्या पन्नास लाख कोटींसारख्याच आकड्यांत कुठेतरी मोजलेला आहे. कागदावर तो 'विकास' आणि बापूचे सहा हजार 'खैरात'. पण बापूच्या बाजूने बघा. सहा हजार येतात, मोबाईलवर मेसेज वाजतो. पाणी येत नाही. माझ्या मते पैसे वाटण्याच्या योजना फुगतात त्याचं मोठं कारण हे आहे. मास्तर नेमून तो शिकवतो की नाही हे बघणं, कालवा शेतापर्यंत नेणं, ही कामं सरकारला जमेनाशी झालीत आणि खात्यात पैसे टाकणं तेवढं झकास जमतं. मग सरकार जमतं तेच करणार, आणि लोकही मिळतं तेच मागणार. अनुशेष हा शब्द आम्हा मराठवाड्यातल्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष मोजला तेव्हा तीन हजार कोटींच्या वर भरला, दहा वर्षांनी परत मोजला तर चौदा हजार कोटींच्या वर. माझं भांडण असलं तर खर्च वाढण्याशी नाही, खर्च वाढूनही ही बाकी तशीच राहते याच्याशी आहे. भावाला हे पटलं नाही. तो म्हणतो, आधी कापा, मग सरकार आपोआप नीट काम करेल. मला वाटतं कापायची वेळ आलीच तर पहिला नंबर लेंडीसारख्या कामांचा लागेल, मेसेज वाजतो त्याचा नाही. असो. लग्नाच्या गडबडीत वाद तिथेच राहिला.

गेल्या नोव्हेंबरात बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो होतो. दरवर्षी जावं लागतं, आपण जिवंत आहोत असं सांगायला. सकाळी दहाच्या आधीच तीस-चाळीस म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसलेली. निम्मे मास्तर, बाबांच्या ओळखीचे. मागच्या वर्षी असलेले दोघं या वेळी नव्हते, त्यांच्या बायका आल्या होत्या, कुटुंब पेन्शनचे कागद घेऊन. एकीला फॉर्म भरता येईना. बाबांनी खिशातला पेन काढला आणि तिचा फॉर्म भरायला घेतला. मग दुसरीचा, मग तिसरीचा. आमचा नंबर पुकारला तेव्हा ते पायरीवरच बसलेले होते, म्हणाले, "थांब जरा, एवढा एक होऊ दे."